चाळीस वर्षांची बाकी

समुद्रकाठी एक वृद्ध स्त्री उभी आहे. पाय ओढत चालणारी, जाड कोटात गुरफटलेली, करड्या पाण्याकडे पाहणारी. बुडून गेलेल्या आपल्या तरुण मुलाच्या स्मृतिस्थळी ती आली आहे. त्या घटनेला चाळीस वर्षे झाली, तरी तिचे तेथे येणे सुटलेले नाही. ‘द मिरॅकल क्लब’ या चित्रपटाच्या आरंभीच हे दृश्य येते आणि प्रेक्षक साहजिकच समजतो, की ही पुत्रशोकात दिवस कंठणारी आई आहे. तशी ती आहेच. पण त्या शोकात आणखी काहीतरी कालवलेले आहे, आणि ते काय, हे कळायला चित्रपटाचा बराचसा भाग जावा लागतो.

चित्रपट २०२३ सालचा, आयर्लंडमधला, जेमतेम दीड तासाचा. दिग्दर्शक थॅडियस ओ’सुलिव्हन यांचा जन्म १९४७ सालचा, डब्लिनचा. म्हणजे कथा ज्या १९६७ सालात घडते, त्या साली ते स्वतः वीस वर्षांचे होते. तो काळ आणि त्या गल्ल्या त्यांनी पुस्तकातून शोधलेल्या नाहीत. कथेतील बालिगर ही डब्लिनच्या कडेची श्रमिकांची वस्ती कल्पित आहे. पण तिच्यातील एकाला एक लागून असलेली घरे, मधोमध चर्च, न विचारता एकमेकींच्या स्वयंपाकघरात शिरणाऱ्या बायका आणि कोणाच्या घरात काय चालले आहे याची साऱ्या गल्लीला असलेली खबर, हे सगळे पेठेत वाढलेल्या वाचकाला परके वाटणार नाही. अशा वस्तीत माणसाला एकटेपण सहसा येत नाही. मात्र एकदा वस्तीने पाठ फिरवली, की उभे राहायला जागा उरत नाही.

या वस्तीतील तीन मैत्रिणी म्हणजे लिली, आयलीन आणि डॉली. वयाने तिघी तीन पायऱ्यांवर. समुद्रकाठी भेटलेली ती वृद्धा म्हणजे लिली. आयलीनच्या पदरी मोठा संसार, मुलेबाळे, आणि घरात काडी न हलवणारा नवरा. डॉली तरुण, तिचा लहानगा मुलगा डॅनियल अजून एकही शब्द बोललेला नाही. तिघींची एकच हौस आहे: फ्रान्समधील लूर्द या तीर्थाची यात्रा. चर्चने भरवलेल्या गाण्याबजावण्याच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून यात्रेची तिकिटे आहेत, आणि तिघी त्यासाठी गाण्याचा ताफा जमवतात. हे सारे दृश्य मोठे मजेचे आहे. वय विसरून, एकसारखे झगमगीत कपडे घालून, लाजत आणि ठेका धरत या बायका रंगमंचावर उभ्या राहतात, तेव्हा हसू येते. पण ते हसू त्यांच्यावरचे नसते.

मात्र आनंदाच्या या घाईत एक मृत्यू आलेला आहे. त्यांची जिवलग मैत्रीण मॉरीन वारली आहे आणि तिच्या अंत्यविधीसाठी तिची मुलगी क्रिसी अमेरिकेहून आली आहे. चाळीस वर्षांनी. नीटनेटका पोशाख, हातात सामान, चेहऱ्यावर काहीही न दिसू देण्याचा सराव. तिला पाहताच लिलीचा चेहरा आवळतो आणि आयलीनची जीभ सुटते. परदेशातून आईच्या अंत्यविधीला आलेल्या मुलीचे सांत्वन करण्याऐवजी या बायका तिला टोमणे मारतात, टाळतात, तिच्याकडे असे पाहतात, की जणू तिनेच कोणाचे काही बुडवले आहे.

पुढे तुकड्यातुकड्याने कळते ते असे. क्रिसी तरुण असताना लिलीच्या मुलावर, डेक्लनवर, तिचे प्रेम होते. लग्नाआधीच तिला दिवस गेले. लिली आणि मॉरीन, म्हणजे मुलाची आई आणि मुलीची आई, या दोघींच्या संगनमताने क्रिसीला गावाबाहेर काढले गेले. ती समुद्रापार गेली. त्याच काळात डेक्लन बुडून मेला. क्रिसीचे मूल जगात आले नाही. परक्या देशात, एकटीने, स्वतःच्या जिवावर बेतणाऱ्या गर्भपातातून ती गेली. येथे, बालिगरमध्ये, सगळ्यांनी मिळून तिचे नाव घेणे बंद केले. आयलीन तिची बालपणीची सखी आणि नात्यातलीही. तीसुद्धा तिच्या बाजूने उभी राहिली नाही.

त्या वेळच्या आयर्लंडमध्ये हे घडणे मुळीच नवलाचे नव्हते. गर्भनिरोधक साधनांच्या विक्रीवर तेथे १९३५ पासून १९७९ पर्यंत बंदी होती. लग्न झाले, की सरकारी नोकरी सोडावी लागण्याचा नियम १९७३ पर्यंत चालू होता. घटस्फोटाला संविधानाचीच मनाई होती. ती उठायला १९९५ चे सार्वमत यावे लागले. अविवाहित मातांना चर्चच्या आणि सरकारच्या आश्रयगृहांत ठेवले जाई. अशा अठरा संस्थांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुले या संस्थांतून गेली आणि त्यांपैकी सुमारे ९,००० मुले तेथेच मरण पावली, असे त्यात नोंदवले आहे. अहवालापाठोपाठ पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. त्याआधी, २०१३ मध्ये, धोबीखान्यांत राबवल्या गेलेल्या स्त्रियांची माफी त्या वेळचे पंतप्रधान एंडा केनी यांनी मागितली होती.

या अहवालातील एका निष्कर्षावरून मात्र मोठा वाद झाला. मुलींना तेथे पाठवण्याची जबाबदारी प्रामुख्याने त्या मुलांच्या बापांची आणि मुलींच्या घरच्यांची होती. चर्च आणि सरकार यांनी त्याला पाठबळ दिले, अशा आशयाची मांडणी त्यात होती. भोगलेल्या स्त्रियांना ती अन्यायाची वाटली. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी आपला वाटा घरच्यांच्या खात्यावर टाकला, असे त्यांचे म्हणणे. आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु हा चित्रपट उलट्या बाजूने त्याच प्रश्नाला भिडतो. येथे जोगिणी नाहीत, उंच भिंती नाहीत, धोबीखाना नाही. येथे आहेत दोन शेजारणी. स्वयंपाकघरात चहा पिता पिता एका मुलीच्या आयुष्याचा निकाल लावणाऱ्या. दोघीही दुष्ट नाहीत. दोघींचे आपापल्या मुलांवर प्रेम आहे. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांच्या धाकाने त्यांनी ते केले, आणि लोक म्हणजे तरी कोण, तर त्या स्वतःच.

आयलीनच्या रागाकडे येथे जरा थांबून पाहायला हवे, कारण कथेतील सर्वांत खरे निरीक्षण तेथे आहे. अन्याय झाला क्रिसीवर, आणि धुसफुसते आहे आयलीन. सभ्य व्यवहारात हे अनेकदा दिसते. ज्याचे देणे आहे, त्याला धनको समोरून येताना दिसला, की तो रस्ता बदलतो. फारच काळ लोटला, तर त्या धनकोचाच राग येऊ लागतो. ‘आता कशाला आली?’ या प्रश्नात आपण दिले नाही याची बोच दडलेली असते. आयलीनला क्रिसीचा सुबक पोशाख खुपतो, तिची शांतता खुपते, तिचे अमेरिकेत राहणे खुपते. जणू घालवून देणे ही क्रिसीवर केलेली मेहेरबानीच होती आणि तिने त्याचे आभारही मानले नाहीत! कॅथी बेट्स यांनी ही कुरकुरी, मोठ्या आवाजाची, आतून घाबरलेली बाई फार जिवंत उभी केली आहे. घाबरलेली अशासाठी, की आयलीनच्या छातीत गाठ आहे. तिने ती नवऱ्याला सांगितलेली नाही, डॉक्टरला दाखवलेली नाही. लूर्दचे पाणी लागले की विरघळेल, एवढ्या आशेवर ती निघाली आहे. बेट्स यांना स्वतःला २०१२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाला तोंड द्यावे लागले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आहे. ही माहिती असलेल्या प्रेक्षकाला आयलीन अंघोळीच्या वेळी आपल्याच शरीरापासून नजर चोरते, तो क्षण वेगळाच भिडतो.

यात्रेची तयारी सुरू होते तसा पुरुषांचा विरोधही सुरू होतो. बायको चार दिवस बाहेर जाणार, मग घर कोण पाहणार? डॉलीचा नवरा तर थेट धमकीवर येतो. बायका निघून गेल्यावर घरात जो गोंधळ उडतो, तो चित्रपटाचा विनोदी भाग. तान्ह्या मुलीचा लंगोट बदलताना हात कापणारा तरुण बाप, आणि बाजारहाट व रांधणे यांच्यापुढे हतबल झालेला आयलीनचा फ्रँक. स्टीफन रे या मुरलेल्या नटाने तो भाव न खाता केला आहे. हा विनोद नवा नाही. आपल्याकडच्या नाटकांतही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरी एक गोष्ट त्यातून सहज निसटून कळते: या घरांत जे काम दिसत नव्हते, ते काम करणारी व्यक्ती गेल्यावरच दिसू लागले. त्याहून अधिक यावर लिहिण्याचे कारण नाही.

तिकिटे शेवटी हाती येतात. मॉरीनच्या वाट्याची जागा रिकामी आहे, आणि ते तिकीट क्रिसीच्या हाती पडते. ज्या बायकांनी तिला चाळीस वर्षांपूर्वी घालवले, त्यांच्याच शेजारी बसून तिला प्रवास करायचा आहे. तिची श्रद्धा तर कधीच विझलेली. ती का जाते, याचे स्पष्ट उत्तर चित्रपट देत नाही, आणि ते बरेच झाले.

लूर्द हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले गाव. १८५८ च्या फेब्रुवारीत बर्नाडेट सुबिरू नावाच्या चौदा वर्षांच्या, गरीब घरच्या मुलीला नदीकाठच्या गुहेत मेरीमातेचे दर्शन झाले, अशी तेथील श्रद्धा आहे. जुलैपर्यंत अशी अठरा दर्शने झाल्याचे मानले जाते. त्याच दिवसांत तेथे झरा लागला आणि त्या पाण्याने रोगी बरे होतात ही वार्ता पसरली. आज जगभरातून लाखो माणसे तेथे जातात. विशेष असे, की चर्चनेच या वार्तेला गाळणी लावली आहे. बरे झाल्याचा दावा आला, की वैद्यकीय मंडळ कागदपत्रे तपासते, रोगाचे निदान खरे होते का, बरे होणे तत्काळ आणि टिकाऊ आहे का, उपचारांनी ते घडू शकले असते का, हे पाहते. त्यानंतर स्थानिक बिशप निर्णय देतो. हजारो दाव्यांतून, दीडशेहून अधिक वर्षांत, चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत. एखाद्या कडक लेखापरीक्षकालाही नावे ठेवता येऊ नयेत, अशी ही चाळणी! चित्रपटातील आयलीनला मान्यताप्राप्त चमत्कार इतके थोडे असल्याचे कळते, तेव्हा तिला शुद्ध फसवणूक वाटते. एवढा खर्च, एवढा खटाटोप, घरी नवऱ्याशी भांडण, आणि पदरी पडण्याची शक्यता ही एवढीच? तिचा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही.

तेथील स्नानाची रीत अशी, की दगडी हौदातील बर्फासारख्या थंड पाण्यात यात्रेकरूला सेविका धरून उतरवतात. पाण्याचे तापमान साधारण बारा अंश. या स्नानगृहातच चित्रपटाची गाठ सुटू लागते. डॉली मुलाला घेऊन आली आहे. पण डॅनियल पाण्याला घाबरतो, रडतो, आणि तिची सारी आशा तिथेच ढासळते. मग जे बाहेर येते ते भयंकर आहे. हे मूल पोटात असताना ते राहू नये म्हणून तिने प्रयत्न केले होते. मुलाची वाचा गेली ती त्या पापाची शिक्षा, असे ती इतकी वर्षे मनात धरून बसली आहे. नवऱ्याला, शेजारणींना, कोणालाही तिने हे कळू दिलेले नाही. अशा वेळी तिला जवळ घेते ती क्रिसी. जिच्याशी डॉलीची धड ओळखही नाही, जिच्याविषयी तिने केवळ वाईटच ऐकले आहे, ती. आणि डॉलीचे ओझे हलके करण्यासाठी क्रिसी स्वतःची चाळीस वर्षांची मिटलेली मूठ उघडते. लिली आणि आयलीन ते ऐकतात. आपण जिला घालवले, तिचे पुढे काय झाले, हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हते. खरे तर त्यांनी ते कधी विचारलेच नव्हते.

सोबत आलेले फादर डर्मट हा तरुण मनाचा, मिस्कील धर्मगुरू. निराश झालेल्या यात्रेकरूंना तो सांगतो, त्याचा आशय असा, की येथे चमत्कारासाठी यायचे नसते. चमत्कार न घडल्यास पुढे जगण्याचे बळ घेण्यासाठी यायचे असते. वाक्य सुंदर आहे आणि चित्रपटाच्या चाहत्यांना तेच अधिक आवडलेले दिसते. पण कथा प्रत्यक्षात या वाक्याच्याही पुढे जाते. कारण लिलीला हवे आहे ते बळ नाही. बळ तिच्याकडे भरपूर आहे. त्याच्याच जोरावर तिने चाळीस वर्षे तोंड मिटून काढली.

लिलीचे समुद्रावर जाणे येथे पुन्हा आठवते. इतकी वर्षे ती तेथे जाते, उभी राहते, प्रार्थना करते. मनात जळत असलेली चूक तिला कळत नव्हती असे नाही. पण देणे होते क्रिसीचे, आणि भरणा होत होता डेक्लनच्या नावावर. मेलेल्या मुलाकडे ती मूकपणे क्षमा मागत राहिली, जो ती देऊही शकत नव्हता आणि नाकारूही शकत नव्हता. व्यापारी घरातील कोणालाही हे सांगावे लागणार नाही, की भलत्याच्या खात्यात कितीही रक्कम भरली, तरी मूळ खात्यातील बाकी पैशानेही कमी होत नाही. उलट भरणारा मनाशी समजत राहतो, की आपण फेडतो आहोत.

लूर्दमध्ये शेवटी लिली क्रिसीसमोर बसते. मॅगी स्मिथ यांनी हा प्रसंग ज्या रीतीने केला आहे, त्यासाठी एकट्यासाठी चित्रपट पाहावा. स्वर चढत नाही, अश्रूंचा पूर नाही. ती जुन्या काळाची सबब पुढे करत नाही, ‘त्या वेळी सगळेच तसे वागत’ असे म्हणत नाही. आपण आणि मॉरीन यांनी मिळून तिला घालवले, हे ती सांगते; त्यातून काय काय हरवले, हे कबूल करते; आणि मागते. समोरची बाई ते नाकारू शकते, याची पूर्ण जाणीव तिच्या चेहऱ्यावर आहे. क्षमा मागण्यात खरी अवघड गोष्ट हीच असते. समोरच्याच्या हाती निर्णय देऊन थांबायचे. चाळीस वर्षे ज्या मुलीला कोणी काही विचारले नाही, तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारते आहे.

क्रिसी क्षमा करते. लॉरा लिनी यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी विजय नसतो, कृतार्थताही नसते. थकवा असतो, आणि त्या थकव्यातून हळूहळू सैलावणारे काहीतरी असते.

हा प्रसंग पाहताना जैन वाचकाला संवत्सरीची किंवा क्षमावाणीची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे दोन शब्द लहानपणापासून ओठांवर असतात. मोबाइल आल्यापासून तर ते एका स्पर्शासरशी शेकडो जणांना जातात: घाऊक व्यापारी, किरकोळ ग्राहक, दूरचे नातलग, एकदाच भेटलेला प्रवासी. यादीत नसतो तो बहुधा एखादाच. ज्याच्याशी दुकानाच्या वाटणीवरून बोलणे तुटले आहे तो धाकटा भाऊ, किंवा जिला माहेरच्या दाराशी एकदा अपमानाने उभे केले ती बहीण. शास्त्राने ज्याला आलोचना म्हटले, ती तर दोष नावानिशी, तपशीलवार उच्चारण्याची गोष्ट आहे; ‘जाणता-अजाणता काही चुकले असेल तर’ एवढ्यावर ती आटोपत नाही. ‘असेल तर’ या दोन शब्दांत केवढी मोठी पळवाट आहे! लिली ती घेत नाही.

आणि मॉरीन? चित्रपटात ती जिवंत भेटतच नाही, तरी कथेत तिची बाजू सर्वांत अवघड आहे. तिलाही मुलीची माफी मागायची असावी, असे मानायला जागा आहे. नाहीतर तिच्या वाट्याचे तिकीट क्रिसीपर्यंत पोहोचण्याला काही अर्थ उरत नाही. पण चाळीस वर्षे हाताशी असताना तिने जे केले नाही, ते मृत्यूनंतर एका कागदाच्या तुकड्याकडे सोपवले गेले. हे पुरेसे आहे का? ज्या आईचा आवाज ऐकायचा होता, तिच्या नावाचे तिकीट मिळाले. क्रिसीला लिलीकडून जे मिळाले, ते जन्मदात्रीकडून कधीच मिळणार नाही. दिग्दर्शकाने या दुःखावर अधिक रेंगाळायला हवे होते. तेथून तो घाईने पुढे जातो, आणि ही चित्रपटातील मोठी उणीव आहे.

उणिवा आणखीही आहेत. सगळ्या गाठी अखेरच्या अर्ध्या तासात, एकामागून एक, फार सोयीने सुटतात. आयलीनचा राग एवढा मुरलेला दाखवला, तर तो इतक्या लवकर निवळावा हे पटत नाही. पुरुष चार दिवसांत सुधारतात, हेही प्रेमळ स्वप्नच. आणखी एक गंमत म्हणजे समवयस्क सख्या म्हणून उभ्या केलेल्या बेट्स आणि लिनी यांच्या वयात प्रत्यक्षात सोळा वर्षांचे अंतर आहे; डोळे मधूनमधून ते टिपतात. आणि सगळीकडे एक गोडवा पसरलेला आहे, ज्याने मूळ विषयाची धार बोथट होते. याच आयरिश दुःखावरचा २०१३ चा ‘फिलोमिना’ अधिक कसदार आहे. पण तेथील क्षमा वेगळ्या जातीची. मूल हिरावून घेणाऱ्यांनी काहीही मागितलेले नसताना ती वृद्ध आई आपल्या बाजूने त्यांना मोकळे करते. ती क्षमा उदात्त आहे. पाहणारा थक्क होतो. ‘मिरॅकल क्लब’मधील क्षमा मागून घेतलेली आहे. ती तितकी उंच नाही, मात्र सर्वसाधारण माणसाच्या हाताला ती लागते, कारण सर्वसाधारण माणूस आयुष्यात कधी ना कधी लिलीच्या जागी असतोच. फिलोमिनाच्या जागी सगळ्यांनाच असावे लागत नाही.

मॅगी स्मिथ यांचा हा अखेरचा चित्रपट ठरला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी, नव्वदीला तीन महिने उरले असताना, त्या गेल्या. दोन ऑस्कर, रंगभूमीवरची दीर्घ कारकीर्द, आणि उत्तरायुष्यात दूरदर्शन मालिकांतील खवचट खानदानी वृद्धा म्हणून घरोघरी झालेली ओळख. लोक त्यांच्या तिरकस बोलण्यावर लुब्ध होते. लिलीच्या भूमिकेत ते तिरकस बोलणे आहे, पहिल्या भागात भरपूर आहे. पण क्रिसीसमोर बसल्यावर त्या ते बाजूला ठेवतात. विनोदाची ढाल नसलेली ही मॅगी स्मिथ फार थोड्यांनी पाहिली असेल.

यात्रा संपते. लिलीचा पाय पूर्वीसारखाच ओढला जातो. आयलीनच्या छातीतील गाठ तशीच आहे. फरक एवढाच, की आता ती एकटीचे गुपित राहिलेली नाही, आणि डॉक्टरकडे जायला सोबत आहे. पुरुष दारात वाट पाहत आहेत, थोडे दमलेले, थोडे शहाणे झालेले. बालिगरच्या गल्लीत सामान उतरते. आईचा हात धरून उभा असलेला छोटा डॅनियल आपल्या घराकडे पाहतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक शब्द निघतो: घर.

क्रिसी तेथेच उभी आहे. तिनेही तो ऐकलेला आहे.